कल्याणचा दाय आणि शरदाचे सण

मांजरा आणि भीमा या नद्यांच्या काठचा मुलूख फार प्राचीन काळापासून दोन भाषांचा संसार एकाच छपराखाली करीत आला आहे. बिदर जिल्ह्यातील औराद, भालकी, बसवकल्याण आणि कलबुर्गी जिल्ह्यातील आळंद, अफजलपूर या तालुक्यांत मराठी आणि कानडी या एकमेकींच्या शेजारणी नव्हेत, एकाच घरातील जावा आहेत. राज्ये आली आणि गेली. मान्यखेटास राष्ट्रकूट नांदले, कल्याणास चालुक्य नांदले; 1347 साली कलबुर्गीस बहमनी तख्त स्थापन झाले आणि पुढील शतकात ते बिदरास गेले; त्यानंतर बरीदशाही, मोगल आणि हैदराबादचे निजाम यांच्या सत्ता झाल्या. कचेरीची भाषा कधी फारसी झाली, कधी उर्दू, आणि 1956 नंतर कानडी झाली. परंतु घराच्या पंचांगास या उलथापालथीची फारशी दखल घ्यावी लागली नाही. आश्विन शुद्ध प्रतिपदेस घट बसला, दशमीस गाव शिवेवर गेला, पौर्णिमेस शेताला नैवेद्य दाखविला गेला आणि कार्तिकाच्या पहिल्या दिवशी दारात शेणाचे पांडव उभे राहिले.

आजही पंचांग तेच आहे, तिथ्या त्याच आहेत. मात्र त्या तिथ्यांच्या पोटातले काम घरातून उठून बाजारात जाऊन बसले आहे. घटाची माती पुडीतून येते, आपट्याचे पान गाडीवरून येते, फराळ दुकानातून येतो आणि शुभेच्छा दूरध्वनीच्या पडद्यावर चित्ररूपाने येते. सण साजरा होतो. पण त्यात घरातल्या कोणाचा हात लागलेला नसतो. वडिलार्जित ठेव्याचे हे रूपांतर कसे झाले आणि तो ठेवा पुन्हा घरात कसा आणावा, हा प्रश्न या सीमाभागातील अनेक कुटुंबांपुढे उभा आहे. त्याचे उत्तर शोधण्यास फार दूर जावे लागत नाही. वारसा म्हणजे काय, याचा सर्वांत खोल विचार ज्या नगरीत झाला, ती कल्याण नगरी याच मुलखात आहे.

प्रथम हे सण मुळात काय होते ते पाहिले पाहिजे. पावसाळा सरला की या भागातील काळ्या मातीत ओल धरून राहते. मूग आणि उडीद घरात आलेले असतात, तूर फुलोऱ्याकडे झुकलेली असते आणि रब्बीच्या ज्वारीची पेरणी समोर असते. अशा वेळी शेतातली काळी माती आणून, तिच्यात धान्य पेरून, मध्ये पाण्याने भरलेला घट ठेवावयाचा आणि नऊ दिवस उगवण पाहावयाची, हा विधी शेतकऱ्याच्या देवघरात केवळ देवीची पूजा नव्हता. पेरणीच्या तोंडावर घरातले बियाणे आणि घरातली माती यांची ती भेटच असे. दहाव्या दिवशी ते हिरवे-पिवळे अंकुर देवापुढे वाहून पुरुष टोपीत खोवीत आणि स्त्रिया केसांत माळीत. म्हणजे उद्याचे पीक आजच मस्तकी धारण करीत.

आश्विनी पौर्णिमेची गोष्ट याहून मनोरम आहे. मराठी घरांत ही रात्र कोजागिरीची. कानडी घरांत हीच तिथी शीगी हुण्णिमे म्हणून ओळखली जाते. त्या दिवशी शेतकरी कुटुंब बैलगाडी जोडून शेतात जाते, पिकाची पूजा करते आणि आणलेल्या अन्नाचा थोडा थोडा अंश चारी दिशांना उधळते. उभे पीक म्हणजे गर्भवती भूमी, आणि हे तिचे डोहाळजेवण, अशी त्यामागील भावना आहे. एकाच चंद्राखाली एक भाषा जागरण करते आणि दुसरी भाषा भूमातेची ओटी भरते. सीमाभागातील ज्या घरांत दोन्ही भाषांच्या सुना आल्या, त्या घरांना दोन्ही आचार आपोआप लाभले.

मुलींच्या गाण्यांचेही असेच आहे. मराठी मुलुखात कोठे हादगा, कोठे भोंडला, कोठे भुलाबाई या नावांनी आश्विनात मुली फेर धरतात. पूर्वेस तेलंगणात त्याच दिवसांत रानफुलांची बतुकम्मा रचली जाते. उत्तर कर्नाटकात कार्तिकी पौर्णिमा ही गौरी हुण्णिमे. तिला मुली साखरेच्या बाहुल्यांची आरती घेऊन गौरीपुढे जातात. लमाणी तांड्यांवर दिवाळीत कुमारिका हाती दिवा घेऊन घरोघर मेरा मागत फिरतात आणि वडीलधाऱ्यांस आशीर्वादाची गाणी म्हणून दाखवितात. भाषा चार, चाली चार. परंतु सर्वत्र एक गोष्ट सारखी आहे. या सणांची पोथी नाही. ती मुलींच्या आणि आजीच्या कंठात आहे.

दसऱ्याच्या पानाची कथा तर सर्वांस ठाऊक आहे. पण तिचे मर्म क्वचितच ध्यानात घेतले जाते. कालिदासाने रघुवंशाच्या पाचव्या सर्गात कौत्साची कथा सांगितली आहे. वरतंतूचा शिष्य कौत्स चौदा कोटींच्या गुरुदक्षिणेसाठी रघुराजाकडे आला, तेव्हा यज्ञात सर्वस्व देऊन बसलेल्या रघूपाशी मातीच्या पात्रावाचून काही उरले नव्हते. याचक विन्मुख जाऊ नये म्हणून रघूने कुबेरावर चालून जाण्याचे ठरविले आणि रात्रीतूनच कोषागारात सुवर्णवृष्टी झाली. राजा म्हणाला, सर्व घ्या. कौत्स म्हणाला, गुरूच्या देण्यापुरते हवे, अधिक नको. लोकपरंपरेने या कथेत वृक्षाची भर घातली. उरलेले सोने झाडाखाली पडून राहिले आणि ते लोकांनी लुटले, म्हणून आजही पाने लुटावयाची. जे सोने दात्याने ठेवून घेतले नाही आणि याचकाने उचलले नाही, असे हे सोने आहे. त्याचे मोल त्याच्या किमतीत नाही; ते दोघांच्या नकारात आहे.

या मुलखात त्या वृक्षाचीही दोन रूपे आहेत. मराठी माणूस आपट्याचे पान देतो. कानडी माणूस शमीची, म्हणजे बन्नीची डहाळी देतो. शमी ही अज्ञातवासात पांडवांची शस्त्रे सांभाळणारी. पान देताना दोन्ही भाषांत जी सदिच्छा व्यक्त होते तिचा आशय एकच, सोन्यासारखे राहावे. शिवेवरच्या एखाद्या गावात दसऱ्याच्या सायंकाळी एकाच तळहातावर आपटा आणि बन्नी दोन्ही एकत्र येतात, तेव्हा दोन भाषांचे नाते समजावून सांगण्यास व्याख्यानाची गरज उरत नाही.

आता कल्याणकडे वळावे. आजच्या बसवकल्याणात अकराव्या-बाराव्या शतकांत सुमारे नव्वद वर्षांच्या अवधीत तीन विचार जन्मास आले. त्या तिहींचा या प्रश्नाशी निकटचा संबंध आहे.

पहिला विचार विज्ञानेश्वराचा. चालुक्य सम्राट सहावा विक्रमादित्य याने 1076 ते 1126 पर्यंत राज्य केले. त्याच्या काळी कल्याणात विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर मिताक्षरा ही टीका लिहिली. कलबुर्गी जिल्ह्यातील मरतूर या गावाशी त्याचे नाव परंपरेने जोडले जाते. बंगाल सोडून भारताच्या बहुतेक भागांत वारसाहक्काचा कायदा पुढे शतकानुशतके याच ग्रंथाच्या आधारे चालला. त्यातील दायविभागाचे कोलब्रुकने केलेले इंग्रजी भाषांतर 1810 साली प्रसिद्ध झाले. मिताक्षरेचा मुख्य सिद्धांत असा की, वडिलार्जित मिळकतीवर पुत्राचा हक्क बाप मेल्यावर निर्माण होत नाही. तो जन्मतःच असतो. म्हणून अशी मिळकत बापाच्या एकट्याच्या मालकीची नव्हे. कुटुंबातील इतरांच्या संमतीवाचून स्थावर विकण्याचा अधिकार त्याला तीनच प्रसंगी आहे : आपत्ती कोसळली तर, कुटुंबाच्या पोषणासाठी, आणि धर्मकार्यासाठी.

हाच न्याय घराच्या आचारास लावून पाहावा. आजीची गाणी, आईच्या हातचे पक्वान्न, आजोबांची शिवेवर जाण्याची वाट, हाही दायच आहे. जी नातवंडे आज पाळण्यात आहेत त्यांचाही त्यावर जन्मसिद्ध हक्क आहे. मधल्या पिढीने केवळ सोयीसाठी तो मोडून बाजारात घालविला, तर तिने स्वतःचे नव्हे तर मुलांचे धन विकले असे होते. उलट, दुष्काळी वर्षी सण आखडता घेणारे, पोटासाठी परगावी गेल्यामुळे शेताऐवजी गच्चीवर घट बसविणारे, अथवा न्यायबुद्धीने एखादी जुनी अनिष्ट रूढी टाकून देणारे कुटुंब कोणाचेही धन बुडवीत नाही. आपत्ती, पोषण आणि धर्म ही तीन कारणे मिताक्षरेनेच मान्य केली आहेत. सोय आणि दिखावा ही कारणे त्यांत नाहीत.

मिताक्षरेत हा जन्मसिद्ध हक्क पुत्रास होता, कन्येस नव्हता, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. ही उणीव अलीकडे दूर झाली. कर्नाटकात 1994 पासून काही मर्यादांसह आणि 2005 सालच्या दुरुस्तीने सर्व देशभर हिंदू कुटुंबातील कन्येला पुत्राप्रमाणेच जन्मतः हक्क मिळाला. घराच्या आचाराच्या बाबतीत मात्र स्थिती नेमकी उलटी होती. तेथे ठेवा सांभाळण्याचे सर्व ओझे कन्येवर व सुनेवर होते आणि पुत्र केवळ त्याचा उपभोग घेई. दळण, सारवण, रांधण आणि जागरण ही स्त्रियांची, तर शिलंगणाचा मान पुरुषांचा. हक्क समान झाला असेल तर श्रमही समान झाले पाहिजेत. सणांचे बरेचसे काम बाजारात गेले याचे एक कारण असे की, घरात ते एकट्या स्त्रीच्या पाठीवर होते आणि ती थकली. तिने विकतचा फराळ आणला तर दोष तिचा नव्हे. करंजी लाटण्यास जे हात पुढे आले नाहीत, त्या हातांचा तो दोष आहे.

दुसरा विचार राजा सोमेश्वराचा. विक्रमादित्याचा पुत्र तिसरा सोमेश्वर याने शके 1051 च्या सुमारास, म्हणजे इसवी सन 1129 मध्ये, मानसोल्लास नावाचा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. राज्यकारभार, गज-अश्वांची चिकित्सा, पाककला, संगीत, क्रीडा अशा शंभर विषयांचा तो कोश आहे. त्यात गीतप्रकारांचे वर्णन करताना राजाने नोंदविले आहे की, महाराष्ट्रातील स्त्रिया धान्य कांडताना ओवी गातात. कल्याणच्या सिंहासनावर बसलेल्या एका सम्राटाला संस्कृत ग्रंथ लिहिताना मराठी बाईच्या मुसळाचा नाद ऐकू आला आणि तो त्याने ग्रंथात टिपून ठेवला. ज्ञानदेवांनी ओवीला ग्रंथाची भाषा बनविली ती 1290 साली. त्याच्या दीडशेहून अधिक वर्षे आधी ओवीची ही साक्ष कानडी राजाच्या राजधानीत लिहिली गेली.

या नोंदीतून एक बोध मिळतो. गाणे टिकले ते कामाच्या आधाराने. कांडण गेले, जाते गेले, तेव्हा ओवीही गेली. कारण तिला टेकावयास जागा उरली नाही. म्हणून नुसती गाणी ध्वनिमुद्रित करून ठेवल्याने परंपरा जिवंत होत नाही, जरी ती मुद्रित करणेही अवश्य असले तरी. गाण्याबरोबर ते कामही, वर्षातून एक दिवस का होईना, घरात परत आले पाहिजे.

तिसरा विचार शरणांचा. बाराव्या शतकाच्या मध्यास, कलचुरी बिज्जळाच्या काळी, याच कल्याणात बसवेश्वर आणि त्यांचे सहकारी शरण यांनी कायक आणि दासोह या दोन तत्त्वांवर जीवन उभारले. कायक म्हणजे स्वतःच्या देहाने केलेले प्रामाणिक काम. दासोह म्हणजे त्या कामाचे फळ समाजास अर्पण करून मग स्वतः घेणे. चांभार, न्हावी, परीट, नावाडी, राजाचा मंत्री, सर्व कायकाच्या दृष्टीने समान. ही कसोटी शरदाच्या सणांस लाविली म्हणजे जुन्यातले काय घ्यावे आणि काय सोडावे, याचा निर्णय सुकर होतो. जुन्या शिलंगणात मानपानाची उतरंड होती. काही वस्त्यांना पान घेण्यास शेवटी उभे राहावे लागे. विधवेस हळदीकुंकवापासून आणि फेरापासून दूर ठेवले जाई. अनेक गावी देवीपुढे मुका पशू बळी जाई. ही जळमटे झाडूनच घर सजविले पाहिजे. वडिलार्जित आहे एवढ्याच कारणाने कर्ज कोणी उराशी बाळगीत नाही; ते फेडावयाचे असते.

अलीकडील इतिहासाने या ठेव्यास कोणते धक्के दिले हेही विसरता येत नाही. 1948 साली प्रथम रझाकारांच्या अत्याचारांत आणि नंतर सप्टेंबरातील पोलीस कारवाईमागून उसळलेल्या सूडाच्या लाटेत या भागातील हिंदू व मुसलमान अशा दोन्ही समाजांतील अनेक कुटुंबे उद्ध्वस्त झाली. गाव सुटले की गावाची शीव सुटते, आणि शीव सुटली की शिलंगण सुटते. पुढे 1 नोव्हेंबर 1956 रोजी हैदराबाद राज्याचे विभाजन झाले. जुन्या बिदर जिल्ह्याचे उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके मुंबई राज्यात गेले, काही भाग आंध्रात गेला आणि बिदर, भालकी, हुमनाबाद म्हैसूर राज्यात आले. ते दिवस नेमके दिवाळीचे होते. नकाशावर रेघ उमटली आणि त्याच दिवाळीच्या भाऊबीजेस कित्येक बहिणींची माहेरे दुसऱ्या राज्यात गेली. तरीही भाऊ गेले, ओवाळणी झाली. राज्याची सीमा कायद्याने ठरते. सीमोल्लंघन मात्र नात्याने होते, हे या मुलखातील माणसांनी तेव्हापासून प्रत्येक कार्तिकात सिद्ध केले आहे.

राज्यांच्या रेघेस जे साधले नाही ते बाजाराने बऱ्याच अंशी साधले. येथे बाजारास सरसकट दूषण देणे न्यायाचे होणार नाही. सण पूर्वीही बाजाराशी जोडलेला होता. पणती कुंभाराची, फुले माळ्याची, टोपली बुरुडाची. दसरा-दिवाळीच्या कमाईवर कारागिरांची घरे वर्षभर उभी राहत. तो व्यवहार ओळखीच्या माणसांतला होता आणि घराच्या कामास पूरक होता. आजचा बाजार घराचे कामच विकत देतो. त्याचे सर्वांत बोलके उदाहरण सोन्याचे पान. दसऱ्यापूर्वी शहरांतून पोतीच्या पोती पाने येऊन पडतात. त्यांत पुष्कळदा आपटा नसतोच. त्याच कुळातील कांचनाच्या फांद्या तोडून आपटा म्हणून विकल्या जातात. दुसऱ्या दिवशी ती सारी पाने रस्त्यावर तुडविली जातात. कौत्साने गरजेपुरतेच घेतले, त्या कथेच्या नावावर झाड ओरबाडले जाते. सोने लुटणे राहिले. नाकारणे विसरले गेले.

मग कुटुंबाने काय करावे? मोठा समारंभ मांडण्याची गरज नाही. चार-पाच साध्या गोष्टी निष्ठेने केल्या तरी पुष्कळ आहे. घटाची माती मूळ गावच्या शेतातून, निदान ओळखीच्या शेतातून, मुलांनी स्वतः आणावी. पान झाडाखाली जाऊन, झाडास नमस्कार करून, माणशी एकेकच घ्यावे. आणि घरटी एक आपटा किंवा बन्नी लावून जगवावी, म्हणजे पुढील पिढीस पान विकत घ्यावे लागणार नाही. आश्विनी पौर्णिमेस शेतात एकत्र जेवावे आणि त्या पंगतीत शेतावर राबणाऱ्यांस प्रथम वाढावे, हाच दासोह. फराळ थोडाच करावा, पण पुरुष, स्त्रिया, मुले सर्वांनी मिळून करावा, हेच कायक. पाडव्याचे पांडव मुलांच्या हातांनी घडू द्यावेत, ते वेडेवाकडे झाले तरी चालतील.

आणि सर्वांत निकडीचे काम गाण्यांचे. ज्या वृद्ध स्त्रियांच्या कंठात ही गाणी आहेत त्यांपैकी दर वर्षी काही निघून जात आहेत. माती पुन्हा मिळेल, रोप पुन्हा लावता येईल. गेलेला कंठ परत येत नाही. नातवंडे आज कानडी किंवा इंग्रजी शाळांत शिकतात. त्यांपैकी पुष्कळांस मराठी ऐकून समजते, पण वाचता येत नाही. त्यांनी आजीजवळ बसून तिची मराठी गाणी कानडी लिपीत उतरून घेतली तरी काही बिघडत नाही. कानडी आजीची गाणी मराठी नातवाने नागरीत लिहावीत. हुमनाबादजवळच्या माणिकनगराचे श्रीमाणिकप्रभू, ज्यांचा जन्म 1817 साली कल्याणजवळच्या लाडवंतीत झाला, यांनी मराठी, कानडी आणि हिंदुस्थानी अशा भाषांत पदे रचली. ज्या भूमीतल्या संताने देवास आळविताना भाषेची शीव मानली नाही, त्या भूमीतील वहीनेही ती मानू नये. लिपी हे भांडे आहे. दूध सांडू न देणे महत्त्वाचे.

या कामी मठांचे साहाय्य होऊ शकते. पण ते घराच्या जागी येऊ शकत नाही. मठात सामुदायिक उत्सव होतो तेव्हा भक्त पाहुणा असतो. घरच्या सणात तो कर्ता असतो. मठाने कुटुंबास स्मरण द्यावे, वही ठेवण्यास जागा द्यावी, दोन भाषांच्या आज्यांस एका ओसरीवर बसवावे. घटाला पाणी मात्र घरातल्यांनीच घातले पाहिजे.

मिताक्षरेचा कर्ता, मानसोल्लासाचा राजा आणि कल्याणचे शरण यांची मते एकमेकांशी जुळणारी होती असे नाही; काही बाबतींत ती परस्परविरुद्धच होती. तथापि तिघांनी मिळून या मुलखास जो दाय दिला त्याचे तीन भाग स्पष्ट दिसतात : जे वडिलांचे ते जन्मलेल्या प्रत्येकाचे आहे, जे कामाबरोबर गाइले जाते तेच टिकते, आणि जे स्वतःच्या हाताने केले आणि वाटले तेच पवित्र. शरदाचे सण या तिन्ही भागांचे वार्षिक वाटप आहे. हा दाय ज्या घरात वाटला जातो तेथे तो घटत नाही; जेथे कोणी मागावयास येत नाही तेथेच तो संपतो. म्हणून येत्या आश्विनात मुलांनी मागावे आणि वडिलांनी द्यावे, एवढेच आज पुरे आहे.